अहवाल दसऱ्यानंतरचा लिहा

पत्राचा सारांश

पत्रलेखिका २७ वर्षांच्या आहेत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गेली तीन वर्षे त्या मराठवाड्यातील मुलींच्या एका बालगृहात काम करतात. जानेवारीत तिथे नऊ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते आणि ती व तिचा तीन वर्षांचा भाऊ गावी आजीजवळ राहिले होते. डिसेंबरात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. काका तिला उपचारासाठी शहरात घेऊन गेले, 'दोन दिवसांत येतो' असे सांगून गेले आणि मुले अठरा दिवस घरात एकटी राहिली. शेजारणीने अधूनमधून खायला दिले, शेवटी कोणीतरी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन केला. बालगृहात ही मुलगी रोज दोन भाकरी गादीखाली लपवते, रात्री जागी असते, रडत मात्र कधीच नाही, आणि मागून कोणी हात लावला तर चावते. अधीक्षकांच्या मते तिला शिस्त लावायला हवी, म्हणून रोज रात्री गाद्या तपासल्या जातात. आता आईवडील परत आले असून मुलांचा ताबा मागत आहेत आणि मुलांनी कुठे राहावे हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीने नव्याने अहवाल मागितला आहे. पत्रलेखिकेच्या मसुद्यात वाक्य आहे: 'आईवडिलांनी जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले असून बालिकेस त्यांच्या ताब्यात देणे हितावह नाही.' पत्रलेखिकेचे स्वतःचे आईवडीलही ऊसतोड कामगार होते आणि त्या आजीकडे वाढल्या. त्यांचे तीन प्रश्न आहेत. मुलीला एकदा सगळे बोलते केले तर ती मोकळी होईल का? तिला घरी पाठवणे म्हणजे पुन्हा त्याच खाईत लोटणे नाही का? आणि माझ्या लहानपणामुळे मी या कामाला लायकच नाही का?

प्रिय ताई,

तुमचे पत्र सहा पानांचे आहे. पहिली साडेतीन पाने त्या मुलीच्या वागण्याबद्दल, पुढची दीड पाने तिच्या आईबद्दल आणि शेवटचे पान तुमच्याबद्दल आहे. या सगळ्याच्या मध्ये, चौथ्या पानाच्या तळाशी, एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे: 'भाऊ लहान असल्याने शिशुगृहात आहे, संध्याकाळी ती त्याची चौकशी करते.' मी पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा याच वाक्यापाशी अडले. म्हणून तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने न जाता मी तिथूनच सुरुवात करते.

अठरा दिवस या नऊ वर्षांच्या मुलीने तीन वर्षांच्या भावाला सांभाळले. त्याला भरवले, त्याची शी-शू काढली, डिसेंबरच्या थंडीत त्याला कुशीत घेऊन झोपवले. त्या दिवसांत भूक होती आणि भीती होती, पण तिच्यापुढे एक काम होते आणि ते तिने पार पाडले, कारण भाऊ धडधाकट तुमच्या यंत्रणेच्या हाती आला. मग मोठी माणसे आली, दोघांना गाडीत घालून घेऊन गेली आणि भावाला तिच्यापासून वेगळे केले. सहा वर्षांखालील बालकाला विशेष दत्तक संस्थेच्या शिशुगृहात आणि मोठ्या मुलीला बालगृहात पाठवायचे, अशी कायद्याची रचनाच आहे. त्यात तुमचा किंवा समितीचा दोष मी शोधत नाही. परंतु आपण ज्या दिवसाला सुटकेचा दिवस म्हणतो, त्याच दिवशी तिच्या हातून तिचे बाळ गेले. आघात म्हणून आपण ते अठरा दिवस मोजले. एकोणिसावा दिवस आपल्या हिशेबात आलाच नाही.

आता त्या भाकरींकडे पाहा. ती 'नेहमी दोनच' लपवते, असे तुम्हीच लिहिले आहे. एक तिची आणि एक त्याची, असे असेल का? मी तिला पाहिलेले नाही, तेव्हा हा माझा अंदाज आहे आणि तो चुकीचाही असू शकेल. पण तो तपासण्याचा मार्ग तिची गादी उलथणे हा नक्कीच नाही. जिने अठरा दिवस उद्याच्या घासाची चिंता वाहिली तिच्यासाठी साठवण ही चोरी नाही, ते तिचे शहाणपण आहे, आणि ते शहाणपण आता गरजेचे उरले नाही हे तिला सांगून पटणार नाही, रोजच्या अनुभवानेच पटेल.

मुलांच्या संस्थांमध्ये परिविक्षा अधिकारी म्हणून मी बत्तीस वर्षे काम केले. अन्न लपवणाऱ्या मुलांपेक्षा ताटात वाढलेलेही न खाणाऱ्या मुलांची मला नेहमी जास्त काळजी वाटत आली, कारण साठवणाऱ्या मुलाला निदान उद्या उजाडणार आहे असे वाटत असते. अशाच एका मुलाला आम्ही झाकणाचा छोटा स्टीलचा डबा दिला आणि बाजारातून त्यावर त्याचे नाव घालून आणले. रोज संध्याकाळी मावशी त्याच्यासमोर त्यात फुटाणे आणि गुळाचा खडा भरत. पहिले दोन आठवडे सकाळी डबा रिकामा असायचा. मग एके दिवशी अर्धा उरला. पुढे तो डबा न उघडताच उशाशी घेऊन झोपू लागला, आणि एका संध्याकाळी मावशींना म्हणाला, 'आज नको, कालचे आहेत.' मावशी हे सांगायला मुद्दाम माझ्या खोलीपर्यंत आल्या होत्या. कोणत्याही चाचणीच्या निकालापेक्षा ते वाक्य मला अधिक मोलाचे वाटले.

तुमच्या अधीक्षकांची मुंग्या-उंदरांची आणि इतर मुलींनी बघून शिकण्याची काळजी अनाठायी नाही. घट्ट झाकणाच्या डब्याने पहिली काळजी मिटते, आणि असा डबा ज्या मुलीला हवा तिला मिळेल असे ठरवले तर दुसरीही मिटते. मात्र रात्रीची झडती थांबायला हवी, निदान तिच्यापुरती तरी. तिला सर्वांसमोर उभे करून विचारणा होत असेल तर तीही. हे मागताना 'मुलीच्या भावना दुखावतात' एवढेच म्हणू नका. झडती सुरू झाल्यापासून ती किती रात्री जागली याची नोंद रात्रपाळीच्या मावशींकडून घ्या, पंधरा दिवस झडती बंद ठेवून पुन्हा नोंद घ्या आणि दोन्ही कागद अधीक्षकांपुढे ठेवा. संस्था चालवणाऱ्या माणसाला नोंदवहीची भाषा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

ती रडत नाही, हे तुम्ही तिच्या धीटपणाची खूण म्हणून लिहिले आहे. इथे तुम्हाला थोडे थांबवावेसे वाटते. मारहाणीचे वळ उठतात. दुर्लक्षाचे उठत नाहीत, कारण दुर्लक्ष ही घडलेली गोष्ट नसून न घडलेली गोष्ट असते. मूल हाक मारते आणि कोणीतरी ओ देते, या देवाणघेवाणीतूनच लहान मुलाची झोप, भूक, भीती आणि राग यांना वळण लागते. पुष्कळ हाका वाया गेल्या की मूल हाक मारणे सोडते, आणि मग आजूबाजूचे म्हणतात, किती समजूतदार पोर आहे, मुळीच त्रास देत नाही. रुमानियातील अनाथगृहांमधल्या मुलांवर २००० सालापासून बुखारेस्टमध्ये जो दीर्घ अभ्यास झाला त्यातही हेच दिसले. तिथे १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पालक कुटुंबांत ठेवण्यात आले, आणि संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची वाढ चांगली झाली. विशेषतः दोन वर्षांचे होण्याच्या आत ज्यांना कुटुंब मिळाले त्यांची. संस्थेत अन्न, कपडे, छप्पर सारे होते. एका विशिष्ट मुलाच्या हाकेला ओ देणारे एक विशिष्ट माणूस नव्हते. हे सांगण्याचा उद्देश तुम्हाला घाबरवण्याचा नाही. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या आयुष्यात आजी होती आणि आई होती, तिला ओ मिळालेली आहे, नाहीतर तिने भावाला ती दिलीच नसती. पण बालगृह हे सुरक्षित ठिकाण आहे म्हणून ते आपोआप बरे करणारे ठिकाण आहे, हे तुमच्या पत्रातले गृहीत मला मान्य करता येत नाही.

तर मग बालगृहात काय करता येईल? आघाताची जाण ठेवून काम करणे हे शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतात, पण ते काम प्रत्यक्षात फार साधे आणि फार चिकाटीचे असते. तिच्याजवळ समोरून जावे, हात लावण्याआधी नाव घेऊन बोलवावे. आज रात्री कोणत्या मावशी आहेत हे झोपण्यापूर्वी तिला सांगावे आणि ते खोटे ठरू देऊ नये. तिची पलंगाची जागा भिंतीकडे पाठ येईल अशी असावी, रात्री बारीक दिवा असावा. तीन-चार मावशींपैकी एक जणी तिची म्हणून ठरलेली असावी. लहान मुलींना भरवण्या-विंचरण्यात ती रमते, असे तुम्ही लिहिता आणि 'तिला तिचे बालपण परत द्यायला हवे' म्हणून ते बंद करू पाहता; कृपा करून तसे एकदम बंद करू नका. सांभाळणारी ही तिची आत्ताची ओळख आहे आणि ती काढून घेतली तर तिच्याजवळ 'चावणारी मुलगी' एवढीच ओळख उरते. काम थोडे कमी करा, खेळ थोडा वाढवा, घाई मात्र नको.

तिला सगळे बोलते करावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. भडाभडा बोलून टाकले की मन हलके होते, हा आपल्याकडचा जुना विश्वास आहे आणि मोठ्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा खराही ठरतो. पण या मुलीने आजवर तीच हकीकत हेल्पलाइनच्या कार्यकर्त्याला, पोलिसांना, डॉक्टरांना, समितीच्या सदस्यांना आणि तुम्हाला सांगितलेली आहे, दर वेळी नव्या चेहऱ्यासमोर आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या सोयीच्या वेळी. आता तिला प्रश्नांची नव्हे, न विचारता जवळ बसणाऱ्या माणसाची गरज आहे. भाजी निवडताना, वेणी घालताना, चित्र रंगवताना ती एखादे वाक्य बोलेल. तेव्हा ते वाक्य ऐकावे, 'हो का, मग तू काय केलेस?' एवढेच म्हणावे आणि तिने विषय बदलला तर आपणही बदलावा. याला एकच अपवाद आहे. कोणी तिला इजा केल्याचा किंवा नको तसा स्पर्श केल्याचा उल्लेख तिच्या बोलण्यात आला, तर उलटतपासणी न करता तिचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि ते योग्य ठिकाणी कळवा. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ते कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, बंधनकारक आहे. म्हणूनच 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन कोणत्याही मुलाला कधी देऊ नका.

आता आईकडे येऊ. मुलीला भेटायला आली तेव्हा ती बालगृहाच्या फाटकाशी तासभर बसून होती, तिने गोडीशेव आणि एक फ्रॉक आणला होता, मुलगी मावशींच्या मागे उभी राहिली आणि जवळ गेली नाही. फ्रॉक लहान झाला, यावरून 'आईला मुलीचे मापसुद्धा माहीत नाही' असे तुम्ही लिहिले आहे. त्याच फ्रॉकचा दुसराही अर्थ लागतो: दिवाळीनंतर निघताना मुलगी जेवढी होती तेवढीच तिने महिनोन्‌महिने डोळ्यांपुढे ठेवली होती. दोन्हींपैकी कोणता खरा, हे आपल्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. मुलगी जवळ गेली नाही याचा अर्थही 'तिला आई नको' असा लगेच लावू नये. १९५० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी रुग्णालयात आईवडिलांविना ठेवलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. ही मुले आधी आक्रोश करीत, मग खचून जात आणि शेवटी इतकी शांत होत की परिचारिकांना ती रुळली असे वाटे. मग आई आली की ती तिच्याकडे पाठ फिरवीत. ती पाठ फिरवणे हा तुटलेपणाचा नव्हे, दुखावलेल्या ओढीचा पुरावा असू शकतो. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा मोठी आहे, पण नियम लहानग्यांनाच लागू असतो असे मला या क्षेत्रात कधी दिसले नाही.

मसुद्यातला 'जाणीवपूर्वक' हा शब्द मला सर्वात जास्त खटकला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये मुलाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करण्याला शिक्षा सांगितली आहे, आणि त्याच कलमात अशीही तरतूद आहे की जन्मदात्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडले गेले असेल तर ते हेतुपुरस्सर मानले जाणार नाही. म्हणजे तुमच्या त्या एका शब्दाला कायद्याचे वजन आहे. तो लिहिण्यासाठी जे माहीत असायला हवे ते मसुद्यात नाही. आजी आजारी पडल्याचे आईवडिलांना कधी आणि कोणी कळवले? मुले काकांसोबत आहेत असेच त्यांना सांगितले गेले होते, हे वडिलांचे म्हणणे काकांकडे तपासले का? आठवड्याला फोन यायचा का, पैसे यायचे का, कोणाच्या हाती? मुकादमाने निघू दिले नसते का? हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे की उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळीत गेलेले जोडपे म्हणजे एक कोयता, आणि त्यातला एक जण परत फिरला की अर्धा कोयता उरतो व उचल अंगावर राहते. माणूस फडातून उठून घरी येत नाही तेव्हा दर वेळी त्याला यायचे नसते असे नाही.

पण ताई, याचा अर्थ गरिबीच्या नावाखाली सारे माफ असाही नाही. मुलांना जे सोसावे लागले ते सोसावे लागलेच. आईचा दोष नव्हता म्हणून अठरा दिवसांची भूक कमी होत नाही. म्हणून अहवालात या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा: मुलांच्या वाट्याला काय आले, आणि ते कशामुळे आले. पहिल्यात काहीही सौम्य करू नका. दुसऱ्यात विशेषणे वापरू नका.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका खाणकामगाराबद्दल मी अहवालात 'वडील बेजबाबदार' असे लिहिले आणि त्याचा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत संस्थेत राहिला. वडील आधी महिन्याला, मग वर्षाला येत, मग येईनासे झाले. संस्था सोडताना त्याने स्वतःची फाइल पाहायला मागितली, माझ्यासमोर बसून वाचली, आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारले, 'बाई, तुम्ही आमच्या घरी गेला होता का?' मी गेले नव्हते. त्या प्रसंगाने धडा घेऊन पुढे एका मुलीला मी घाईने घरी पाठवले; सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा बोलत नव्हती. आईवडील प्रेमळ होते, यात आजही मला शंका नाही, पण ते कामावर गेल्यावर घरात कोण उरते हे मी विचारले नव्हते. तुमच्या प्रकरणात पणाला काय आहे ते या दोन्ही चुकांवरून तुमच्या लक्षात यावे.

म्हणून माझी मुख्य सूचना अशी आहे: हा अहवाल आत्ताचा लिहू नका, दसऱ्यानंतरचा लिहा. मे महिन्यात ते घर बरे दिसणारच, कारण आईवडील घरी आहेत. चूल पेटते, मुलांना अंथरूण आहे, शेजारी चांगले बोलतात. या दिवसांत मूल घरी पाठवणे सोपे असते आणि तुमची भीती निराधार वाटू लागते. खरा प्रश्न दसरा झाल्यावर टोळ्या निघू लागतील तेव्हाचा आहे. त्या दिवशी ही दोन मुले कोणाजवळ असतील? अपंगत्व आलेल्या आजीजवळ ती राहू शकत नाहीत. मग आत्या आहे का, मावशी आहे का, ती तयार आहे का, हे तिच्या घरी जाऊन तिच्याच तोंडून ऐका. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर होते का, कधी सुरू होते, आणि टोळ्या निघाल्यापासून ते सुरू होईपर्यंतच्या दिवसांत मुले कुठे जेवतात, हे मुख्याध्यापकांना विचारा. अशा मधल्या दिवसांतच मुले हरवतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत तिच्या इयत्तेला जागा आहे का ते पाहा. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत प्रायोजकत्वापोटी, म्हणजे मूल कुटुंबातच वाढावे म्हणून, बालकामागे महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये. या कुटुंबाला किंवा मुले सांभाळणाऱ्या नातलगाला यातले काय लागू होते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून आताच लेखी घ्या. एक पगार इतका आधार मिळणार असेल तर आई मागे राहू शकेल का, हेही तिला विचारा. मी इतके अहवाल वाचले, त्यांत हा प्रश्न आईला विचारल्याचे क्वचितच दिसले.

या सगळ्याची ठोस उत्तरे मिळाली तर मुलांना घरी पाठवण्याची शिफारस करा, आणि दसऱ्याच्या आठवड्यातील गृहभेट व त्यानंतर दर महिन्याची भेट आदेशातच मागा. उत्तरे अर्धवट मिळाली तर शिफारसही टप्प्याची असू शकते: सुट्टीत काही आठवडे दोघांनी घरी राहावे, मग समितीने पुन्हा पाहावे. आणि घरात दारूची मारहाण, हिंसा किंवा त्याहून गंभीर काही आढळले तर न कचरता 'आत्ता नाही' असे लिहा. संस्था हा शेवटचा पर्याय असावा हे तत्त्व बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्येच आहे, पण मुलाचे सर्वोत्तम हित आणि सुरक्षितता हीसुद्धा त्याच कलमातील तत्त्वे आहेत. मुलीचे मत घेणेही तिथेच सांगितले आहे. तिला 'घरी जायचे का?' असे हो-नाही विचारू नका. 'घरी गेलीस तर काय काय असायला हवे?' असे विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत अहवालात घाला.

राहिला तुमच्याबद्दलचा प्रश्न. तुम्ही लिहिता की रात्री ती जागी असल्याचे कळले की तुमची छाती भरून येते, आणि तिच्या आईकडे पाहिले की तुम्हाला तिचे बोलणेच ऐकू येत नाही. 'बालपणीचे प्रतिकूल अनुभव' मोजणाऱ्या प्रश्नावलीत तुमचे गुण पाच आले म्हणून तुम्ही स्वतःला अपात्र ठरवू पाहता. ती प्रश्नावली ज्या अभ्यासातून आली तो अमेरिकेतील सॅन डिएगोमध्ये झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यात १७ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती आली. लोकसंख्येच्या पातळीवर लहानपणचे घाव पुढच्या आजारपणाशी जोडलेले असतात, हे त्याने दाखवले, आणि ते फार महत्त्वाचे होते. परंतु त्या अभ्यासाच्या दोन प्रमुखांपैकी एक, रॉबर्ट अँडा, यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लिहून बजावले की एका माणसाचे भविष्य त्या आकड्यावरून ठरवू नये. तुमचा पाच हा आकडा तुमच्याविषयी निकाल देत नाही. तुमच्या आजीने तुम्हाला काय दिले, हे त्या प्रश्नावलीत कोणी विचारलेलेच नाही.

तुम्ही या कामाला लायक आहात. पण ती मुलगी म्हणजे तुम्ही नाही, आणि तिची आई म्हणजे तुमची आई नाही. 'जाणीवपूर्वक' हा शब्द लिहिताना तुमच्या मनात नेमकी कोणती बाई होती, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारून पाहा. तुम्ही तुमच्या आईला क्षमा करावी असे मी म्हणत नाही. तो तुमचा आणि तिचा प्रश्न आहे आणि त्याला मुदत नाही. फक्त त्याचा निवाडा या मुलीच्या फाइलीत होऊ नये. त्यासाठी अहवालाचा मसुदा तुमच्यापेक्षा अनुभवी आणि या प्रकरणाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी, नाव-गाव झाकून, वाचायला द्या. एका प्रकरणात तरी हे करून पाहिलेत तर पुढे त्याशिवाय राहवणार नाही. स्वतःसाठी समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नका. जवळपास कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०२० पासून चालणारा 'संवाद' हा उपक्रम बाल संरक्षणात काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. तुमच्याबरोबर मावशींनाही अशा प्रशिक्षणाला पाठवा असा आग्रह संस्थेकडे धरा, कारण रात्री दोन वाजता त्या मुलीजवळ तुम्ही नसता, त्या असतात.

हे सदर वाचणाऱ्या शिक्षकांना आणि अंगणवाडी ताईंना एक विनंती. ज्या गावातून टोळ्या जातात तिथे दिवाळीनंतर पटावरचे कोणते मूल कोणाकडे राहते आहे याची यादी करून ठेवा, आणि त्या घरातला मोठा माणूस आजारी पडल्याचे कळले तर त्याच दिवशी जाऊन पाहा. मूल मळलेल्या कपड्यांत येते, डबा आणत नाही, शाळा सुटल्यावर घरी जायला रेंगाळते, धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात बसते. यातले काही दिसले तर त्याला वर्गासमोर काही विचारू नका, आधी जेवू घाला आणि १०९८ वर कळवा. त्या शेजारणीलाही, ताई, तुमच्या अहवालात जागा द्या. अठरा दिवसांतली जी काही जेवणे झाली ती तिच्यामुळे झाली, आणि पुढच्या दसऱ्यानंतरही ती तिथेच शेजारी असणार आहे.

समितीची तारीख अजून तीन आठवड्यांवर आहे. त्याआधी शिशुगृहाला फोन करून भावा-बहिणीची भेट ठरवा, शक्य तर दर आठवड्याची, आणि तोवर त्याचा एक फोटो तिच्या पलंगाजवळ लावा. पहिल्या भेटीला तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. निघण्यापूर्वी डबा भरताना त्यात काय न्यायचे, ते तिलाच विचारा.